सोमाचा पालक

मॅडम अकराला येणार म्हणून सोमाला सकाळी सातलाच नवा शर्ट घातला गेला, आणि पावणेआठला तोच शर्ट अंगात घेऊन सोमा म्हशींचं शेण काढून आला. त्यात त्याची काही चूक नव्हती. गेली तीस वर्षं सकाळी गोठा साफ करणं हे एकच काम या घरात कुणी न सांगता होत आलं आहे, आणि ते करणारा माणूस सोमाच. चूक असेल तर थोरल्या भावाची, भुजंगची. "सरकारी मान्सं येऊन राह्यली, आज गोठ्यात जायचं न्हाई," असं त्यानं आदल्या दिवशी घरात सगळ्यांना बजावलं होतं, सोमाला सोडून. सोमाबद्दलच्या गोष्टी सोमाला सोडून सगळ्यांना सांगायच्या, ही या घराची जुनी रीत.

भुजंगची बायको बेबीनंदा दुसऱ्यांदा पाणी तापवायला लागली.

"आता माझा निळा शर्ट घाल त्याला," भुजंग म्हणाला. "आन् गोठ्याकडं फिरकू देऊ नको. त्यांना वाटंल, आपन त्याला राबवून घेतो."

"मंग न्हाई का घेत?" बेबीनंदा म्हणाली. भांडणाच्या सुरात नव्हे, बादली उचलता उचलता म्हणाली, त्यामुळे भुजंगला रागावताही आलं नाही.

तसं पाहिलं तर काम सरळ होतं. वडील तातेराव गेल्यापासून शेताची वाटणी अडली होती ती सोमाच्या सहीपाशी. सोमा त्रेचाळीस वर्षांचा, अंगानं तिन्ही भावांत दणकट, पण समज सहा-सात वर्षांच्या पोराची. तहसीलमध्ये सांगितलं, याला सहीचा अर्थ कळत नाही, याच्या हिश्शासाठी कायदेशीर पालक नेमून आणा. पालक नेमणार जिल्ह्याची समिती, आणि समितीचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी. एवढं ऐकून भुजंगनं ते प्रकरण कपाटात टाकलं होतं आणि ते तिथंच राहिलं असतं. पण श्रावणात आईच्या, नंदाबाईंच्या छातीत कळ आली. पाच दिवस संभाजीनगरला दवाखान्यात काढून त्या परत आल्या, आणि ओसरीवर टेकता टेकता म्हणाल्या, "माझ्या माघारी सोमाचं कोन, ते मला जित्तेपनी कागदावर पाहू द्या."

मग अर्ज केला. धाकटा राधेश्याम अंबडला मास्तर, त्यानं आपल्या वळणदार अक्षरात तो भरला. पालक म्हणून भुजंगचं नाव घातलं. आष्टीला दिलेली बहीण शालू साक्षीदार झाली. 'वैवाहिक स्थिती' या रकान्यापाशी राधेश्यामचा पेन थांबला तेव्हा भुजंग म्हणाला, "लिही अविवाहित. बायको म्हनलं की तिचा हक्क आला, तिला हुडकनं आलं, धा भानगडी." राधेश्यामनं लिहिलं. शालूनं वाचून सही केली. नंदाबाईंनी तर वाचायला चष्माही मागितला नाही. इतर कोणत्याही गोष्टीवर या चौघांचं एकमत झाल्याचं कुणाला आठवत नाही.

पण एकमत टिकणं या घराच्या स्वभावात नाही. नऊच्या बसनं राधेश्याम उतरला तो नवाच मुद्दा घेऊन. भुजंगनं सोमाची जमीन विकायची नाही, असं आज मॅडमसमोर लिहून द्यावं.

"म्हंजे मी विकनार म्हनतोस."

"मी तसं कुठं म्हणतोय, दादा? कागद असलेला बरा."

"सोमाला न्हाऊ घालायला येतोस का तू अंबडून? त्याचाबी कागद करू मंग."

"न्हाऊ वहिनी घालतात," राधेश्याम म्हणाला.

भुजंगनं शालूकडं पाहिलं. दिवाळीपासून ती त्याच्या बाजूची होती. "एवढं लिहून दिल्यानं काय बिघडतंय, दादा?" शालू म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघरात गेली. भुजंग बराच वेळ मोसंबीच्या बागेकडं बघत उभा राहिला. आपण बारा महिने इथं राबायचं आणि चोरही आपणच, हे त्याला नवीन नव्हतं. आज मात्र ते जास्त झोंबलं, कारण विकायचा विचार त्याच्या मनात दोनदा येऊन गेला होता.

*

स्वयंपाकघरात बेबीनंदा चहाचं पाणी मोजत होती. शालू तिच्याजवळ पाटावर बसली. एक गोष्ट सहा वर्षं तिच्या पोटात होती, आणि आज ती पोटात राहणार नव्हती.

"वहिनी, तिचा नंबर हाय माझ्यापाशी."

"कुनाचा?"

"मीनाचा."

बेबीनंदानं आधी दाराकडं पाहिलं. मग चुलीवरचं पातेलं उगाच हलवलं. सोमाची बायको होती मीना. आठ महिने नांदली आणि पळून गेली. गावाला हे असंच माहीत, आणि शालूलाही. तेव्हा ती आष्टीला सासरी होती, तिला निरोपच तसा आला होता.

"माझ्या पायलला अंबडच्या होस्टेलात घातलं ना अकरावीला, तर तिथं सैपाकाला हीच. मला वळखलं तिनं. मी तोंड फिरवून चाललेली, तर मागून आली आन् म्हनली, ताई, मला न्यायला कुनी आलं न्हाई. बस, एवढंच. मी म्हनलं, लबाड बोलून राह्यली." शालू थांबली. "पन दोन वर्षं पायलच्या ताटात ती येक पोळी जास्तीची वाढायची. तवापून माझ्या मनात हाय. वहिनी, तुम्ही तवा घरात व्हत्या. खरं काय?"

"मला कामून विचारता? मी या घरची सून, मला काय माहीत असतं?"

"वहिनी."

बेबीनंदानं चहाचा डबा खाली ठेवला. "पिशवी मी भरली व्हती तिची," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन साड्या आन् येक परकर. चार दिसासाठी चालली व्हती ना. पळून जानारी बाई दोन साड्या घेऊन जाती का, ताई?"

"मंग तुम्ही एकोनीस वर्षं..."

"कुनी विचारलं?" बेबीनंदा म्हणाली. "आज तुम्ही विचारलं."

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. दीड वाजला होता. दोघी उठल्या, आणि उठताना बेबीनंदानं नणंदेचा हात धरला. "तुमच्या मायच्या समोर ते नाव काढू नका. सोमाभाऊजीच्या समोर तर बिलकुल नको."

*

भावना मॅडम समितीवरच्या संस्थेच्या प्रतिनिधी. कलेक्टर ऑफिसातून आलेली फाईल, खांद्याला कापडी पिशवी, उशीर झाल्याबद्दल माफी. त्यांच्यासाठी राधेश्यामनं शेजारून खुर्ची आणून ठेवली होती. त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. ओसरीच्या कडेला, पाय सोडून बसलेल्या सोमाच्या शेजारी बसल्या.

"सोमेश्वर, दिवसभर काय काय करता?"

"शेन काढतो," सोमा म्हणाला. "पानी दावतो. सहा म्हशी."

"त्याला हौस हाय, मॅडम," भुजंग घाईघाईनं म्हणाला. "आमी नको म्हनतो."

"असू द्या. चांगलं काम आहे." त्यांनी लिहून घेतलं. "आणि जेवायला कोण देतं?"

"बेबीवैनी."

"अंघोळ?"

"बेबीवैनी. आज दोनदा घातली."

राधेश्यामला हसू आलं. मॅडमनी मान वर करून बेबीनंदाकडं पाहिलं, अर्जाकडं पाहिलं आणि काहीतरी आणखी लिहिलं. बेबीनंदा दारात उभी होती, ती पदर सारखा करत आत सरकली. या घरात तिच्याबद्दल काही लिहून घेतलं जाण्याची ही पहिलीच वेळ.

"झोपता कुठं?"

"मायपाशी."

मग त्यांनी फॉर्म उघडला आणि एकेक रकाना वाचत गेल्या. वय बरोबर, प्रमाणपत्र जोडलंय, जमिनीचा उतारा जोडलाय. "वैवाहिक स्थिती, अविवाहित. बरोबर ना?"

"हो, बरोबर," राधेश्याम म्हणाला.

"झालं," सोमा म्हणाला.

"काय झालं?"

"लगीन झालं. घोडं व्हतं. पांढरं." त्यानं दोन्ही हातांनी लगाम धरून दाखवला. "बँड व्हता."

मग भुजंग हसला, आणि ते हसणं त्याला नीट जमलं नाही. "शेजारच्याचं लगीन आठवून राह्यलं त्याला. त्याला काही कळत न्हाई, मॅडम."

"माझं," सोमा म्हणाला.

"बरं, तुमचं," मॅडम म्हणाल्या. "बायकोचं नाव काय?"

सोमानं नंदाबाईंकडं पाहिलं. मग उजवा हात उचलून तळवा आपल्या तोंडावर घट्ट दाबला.

"सांगा ना. नाव काय?"

त्यानं मान हलवली. हात निघाला नाही.

"बघा," भुजंगला एकदम बळ आलं. "असती तर नाव सांगतलं नसतं का? म्हशींची नावं बराबर सांगतो तो, सहाच्या सहा. बायको असती तर तिचं न्हाई का सांगनार?"

"तेही खरंच," मॅडम स्वतःशी म्हणाल्या, आणि त्यांनी पेन टेकवला. 'नाव सांगता येत नाही' असं त्या लिहायला लागल्या.

*

नंदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना फक्त सोमाचा हात दिसत होता. नाव सांगता येत नाही म्हणून तो हात तिथं नव्हता, आणि हे जगात त्या एकट्यांना माहीत होतं.

लग्नात सोमाला नाव घ्यायला लावलं होतं. उखाणा त्याला कुठून येणार? तो नुसताच "मीना" म्हणाला, आणि मांडव पोट धरून हसला. आपण काहीतरी फार चांगलं केलं असं सोमाला वाटलं, आणि ते नाव त्याच्या तोंडात बसलं. उठला की मीना, जेवायला बसला की मीना, म्हशीला पाणी दाखवताना मीना. चोवीस वर्षं त्या तोंडात एकच हाक होती, माय. ती बंद झाली. आपल्याला जे वीस वर्षांत जमलं नाही, ते कडूबाच्या त्या पोरीनं एका महिन्यात केलं, सोमाला शर्टाच्या गुंड्या लावायला शिकवल्या. नंदाबाईंना आनंद व्हायला हवा होता. तसा तो झाल्याचं त्यांनी शेजारपाजारी सांगितलंही. पण रात्री सोमाची वळकटी आपल्या खाटेपाशी नसायची, तेव्हा त्यांना झोप येत नसे. आईला पोराचा संसार सोसू नये, यात सांगण्यासारखं काय आहे? म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

आठव्या महिन्यात तीर्थपुरीच्या बाजारी सुनेला बसमध्ये बसवलं. "चार दिस बापाकडं ऱ्हाऊन ये. न्यायला पाठवते मी." माहेरी धाडलेली सून आपली आपण परत येत नाही, सासरचं कुणीतरी जाऊन तिला आणावं लागतं. नंदाबाईंनी कुणालाच पाठवलं नाही. एवढंच केलं त्यांनी, आणि तेवढं पुरलं. कडूबा पहिल्यांदा विचारायला आला तेव्हा पाठवतो म्हणाल्या. दुसऱ्यांदा आला तेव्हा उंबऱ्यातूनच म्हणाल्या, तुमच्या पोरीला नांदायचं न्हाई, पळून गेली ती. तातेरावांनी मान डोलावली, भुजंगनं डोलावली, गावानंही डोलावली. अशा नवऱ्यापाशी कोण राहील, असं प्रत्येकाच्या मनात आधीपासूनच होतं, त्यामुळे कुणी दुसरा प्रश्न केला नाही.

सोमा पंधरा दिवस बसथांब्यावर जाऊन बसायचा आणि प्रत्येक बसला तिच्या नावानं हाक मारायचा. सोळाव्या दिवशी नंदाबाईंनी त्याची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "परत तिचं नाव तोंडातून निघालं तर तुझी माय मरंल."

त्यानंतर ते निघालं नाही. श्रावणात त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा सोमा दवाखान्याच्या फरशीवर बसून रडत होता, "म्या न्हाई म्हनलं, म्या न्हाई म्हनलं." भुजंगला काही समजलं नाही. डॉक्टरला वाटलं, याला बाहेर न्यावं. नंदाबाई तोंडावर नळी असताना ते ऐकत पडल्या होत्या, आणि पालकाचा अर्ज त्यांनी त्या खाटेवर ठरवला होता. सरकारनं कुणीतरी नेमून द्यावं, म्हणजे आपण केलेलं झाकलं जाईल, असं काहीसं त्यांच्या मनात होतं.

"थांबा, मॅडम," त्या म्हणाल्या. "ते लिहू नका."

"माय, तू बोलू नको. त्रास व्हतो तुला," भुजंग म्हणाला.

"त्याचं लगीन झालंय. बायको हाय त्याला. आन् ती पळून गेली न्हाई, मी लावून दिली तिला. चार दिस म्हनून धाडली आन् न्यायला कुनाला जाऊ दिलं न्हाई."

"माय, काय बोलून राह्यली तू?"

"खरं बोलून राह्यले. उशीर झालाय, पन खरं हाय. तो मला विचारीनासा झाल्ता, भुजंगा. पोरगं माझं, आन् दिसभर दुसरीचंच नाव." त्यांना दम लागला. बेबीनंदा पाणी घेऊन आली. त्यांनी तांब्या हातात घेतला, पण प्याल्या नाहीत. "मीच त्याला म्हनलं, तिचं नाव काढलंस तर मी मरन. तवापून तो तोंड दाबून बसलाय. मतिमंद म्हनता तुम्ही त्याला कागदावर. मला जगवायला एकोनीस वर्षं मुका ऱ्हायला तो."

राधेश्यामनं अर्जावरच्या आपल्या सुंदर अक्षराकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. भुजंग ओसरीच्या खांबाला धरून खाली बसला. त्याला कडूबा आठवला. दुसऱ्यांदा आला तेव्हा पाणीसुद्धा न पिता परत गेला होता, आणि त्याला रस्त्यापर्यंत सोडायला भुजंगच गेला होता. वाटेत कडूबा दोनदा काही बोलायला थांबला होता, आणि भुजंगनं पावलं भरभर टाकली होती.

नंदाबाई सरकत सोमापाशी आल्या. "सांग, बाबा. मॅडमला नाव सांग. मी मरत न्हाई."

सोमानं मान हलवली.

"मीच म्हनून राह्यले ना? म्यां खोटं सांगतलं व्हतं तवा. काई व्हत न्हाई मला. सांग."

"न्हाई," तो तळव्याच्या आतून म्हणाला. डोळे भरून आले होते, आणि हात हालला नाही.

*

मॅडमनी जबाब लिहिला. लिहायला फार वेळ लागला नाही. असल्या गोष्टी कागदावर चार ओळींत बसतात. सोमाच्या बायकोचं नाव त्यांनी विचारलं तेव्हा राधेश्यामनं ते न बोलता कागदाच्या कडेला लिहून दिलं. मग मॅडमनी जबाब वाचून दाखवला. सून पळून गेली नाही, तिला मी घरातून लावून दिलं, असं लिहिलेल्या त्या जबाबावर नंदाबाईंनी चष्मा मागून, अक्षर न् अक्षर वाचून सही केली.

"हा अर्ज असा समितीपुढं जाणार नाही," मॅडम म्हणाल्या. "दुरुस्त करून द्यावा लागेल. आणि बायको हयात आहे म्हटल्यावर तिला विचारावं लागेल. खरं सांगू का, आजी, समिती पालक शोधताना आधी पाहते, जवळचं, जीव लावणारं कोण आहे. तेव्हा ती घरात असती, तर आज तुम्हाला अर्ज करायचीही घाई झाली नसती."

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. रागावल्या असत्या तर नंदाबाईंना बरं वाटलं असतं. पालक घरात होता, गुंड्या लावायला शिकवत होता, आणि आपण त्याला दोन साड्यांवर बसमध्ये बसवून दिलं. आता आपण त्याच माणसासाठी कलेक्टरच्या दारात उभ्या आहोत. त्यांनी डोळे मिटले.

"पत्ता लागेल का तिचा?"

"नंबर हाय," शालू म्हणाली.

भुजंग तिच्याकडं बघतच राहिला. "तुझ्यापाशी?"

"सहा वर्षं झाली, दादा. मीबी सहीच केली त्या फॉर्मावर. तुला येकट्याला काय बोलू मी?"

तिनं फोन लावला आणि आवाज मोठा करून ओसरीवर मधोमध ठेवला. पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता.

"मी शालू बोलून राह्यले. तीर्थपुरीकडून. घरून. इथं माय हाय, सगळे हायेत."

भांड्यांचा आवाज थांबला. एक शब्द आला. "बोला."

मॅडमनी आपण कोण ते सांगितलं. अर्ज, समिती, पालक, सगळं सोप्या शब्दांत समजावलं. घरून दिलेला जबाबही थोडक्यात सांगितला. "तुमची इच्छा असेल तर तुमच्याही नावाचा विचार होऊ शकतो," असं त्या शेवटी म्हणाल्या. नंदाबाईंच्या मनात त्या घटकेला काय आशा उगवली, ती त्यांनी स्वतःलाही नीट दाखवली नाही.

"मॅडम, माझ्याकडं साठ पोरींचा सैपाक असतो दोन टाइम," पलीकडचा आवाज म्हणाला. "तवा कुनी न्यायला आलं असतं तर मी ऱ्हायले असते. दोन वर्षं पिशवी भरून ठेवलेली व्हती मी. आता न्हाई. भुजंगदादाचं नाव घाला, माझी हरकत न्हाई. सही पायजे तर मी जालन्याला येते."

"आणखी काही सांगायचंय?"

"पळून गेली असं कुठं लिहिलेलं असंल तर खोडा. माझा बाप त्या शरमेनं बाजारला जायचा बंद झाल्ता. आता न्हाई तो. पन खोडा."

"खोडलंय," मॅडम म्हणाल्या.

नंदाबाईंना बोलायचं होतं, पण काय बोलणार? माफी मागावी तर ती कुणाची मागायची, कडूबाची की सोमाची की या आवाजाची? भुजंग उठून फोनपाशी आला, वाकला, आणि परत सरळ झाला. फोन बंद करायला शालूनं हात पुढं केला.

"ताई," पलीकडून आवाज आला. आता तो जरा खाली गेला होता. "ते हायेत का तिथं?"

"हाय. इथंच बसलाय."

"अहो," फोनमधून हाक आली. "जेवलात का?"

सोमा ताडकन ताठ बसला. फोनकडं बघून त्याचा सगळा चेहरा उजळला, असा की बेबीनंदानं एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यानं भराभर मान हलवली, हो, हो. एका हातानं निळ्या शर्टाच्या गुंड्या फोनला दाखवल्या. दुसरा हात तोंडावरच होता.

"वळखलं का मला?"

त्यानं आणखी जोरात मान हलवली. फोनला मान दिसत नाही, हे त्याला कोण सांगणार?

पलीकडं ती वाट पाहत राहिली. एवढी वाट पाहिल्यावर आणखी थोडी तिला जड नसावी. "बोलत न्हाईत," ती शेवटी म्हणाली. "इसरले असतील. बराबर हाय. किती वर्षं झाली." तिचा आवाज पहिल्यांदाच ओला झाला होता.

सोमानं आईकडं पाहिलं. त्या नजरेत काही तक्रार नव्हती. एवढं तूच सांग, इतकंच होतं. नंदाबाई दोन्ही हात जमिनीला टेकून फोनवर वाकल्या.

"इसरला न्हाई गं तो," त्या म्हणाल्या. "मान हलवून राह्यला. त्यो बोलत न्हाई ते माझ्यापायी. ऐक, मीना..."

नाव ऐकताच सोमानं आपल्या तोंडावरचा हात काढला आणि घाबरून, सगळ्या ताकदीनं, तो आईच्या तोंडावर दाबला.